तो मळ नाही, सोनू

दादर, मुंबई



गणपतीला माहेरी नागावला आले होते, तेव्हा तू मागल्या दारी मान घासत होतीस. बेसन झालं, लिंबू झालं, शेवटी नारळाचा काथ्या. आणि मीच वर म्हटलं, "मळ साचलाय गं, जोर लाव." चुकलं माझं. तो मळ नाही. मानेच्या घडीत, काखेत अशी काळसर, मखमलीसारखी जाड कातडी येते, ती बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून. मग इन्सुलिन आणखी वाढतं, बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात, हनुवटीवर केस येतात, मुरमं येतात, पाळी लांबते. यालाच पीसीओएस म्हणतात. घासून कातडी सोलवटेल, रंग जाणार नाही.

वहिनी म्हणाली, जूननंतर तुला पाळीच आलेली नाही. तीन महिने उलटले की वाट बघत बसायचं नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर त्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. "लग्न झालं की होईल सुरळीत" असं आळीत कुणी म्हणालं तर कानाआड कर. मूल होणार नाही, ही धास्तीही सोड. औषधांनी बीज पक्व होतं, पुष्कळजणींना मुलं होतात. आणि तू एकटी नाहीस. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या तरुण मुली तपासल्या, तर एका निकषाने पाचांत एकीला आणि कडक निकषाने दहांत एकीला हा पीसीओएस निघाला.

सोनोग्राफीची घाई नको. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत त्यावरून निदान करू नये, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. सोनोग्राफीत दिसतात त्या 'गाठी' म्हणजे न पिकलेल्या बीजांच्या पिशव्या, कापून काढायच्या नसतात. रक्तातली साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन मात्र बघायला हवं.

भात सोडू नकोस. फक्त भात निम्मा, वालाचं बिरडं दुप्पट, आणि बांगडा तळण्यापेक्षा कालवणात. पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत किनाऱ्यावर भरभर चालून ये. वजन जास्त असेल तर सत्तरातले चार-पाच किलो उतरले तरी पुष्कळजणींची पाळी परत येते. उपास मात्र करू नकोस.

शनिवारी पहिल्या लाँचने मांडव्याला उतरते. अलिबागच्या एस.टी. स्टँडवर भेट, डॉक्टरकडे दोघी जाऊ. पाळीच्या तारखा लिहून आण. रक्त द्यायचंय, तेव्हा उपाशीपोटी ये. मीही चहा त्यानंतरच घेईन.

तुझी,
आत्या