आखाजीची रजा, दिवाळीची रजा

दिवाळीच्या आठवड्यात धुळ्याच्या देवपुरात गाडी लावायला जागा मिळत नाही. वाडीभोकर रोड, नकाणे रोड, दत्तमंदिर चौकामागच्या कॉलन्या. एरवी जिथे म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात, त्या घरांपुढे एमएच १२, एमएच ०४ आणि जीजे ०५ नंबरांच्या गाड्या उभ्या. पुणे, ठाणे, सुरत. ओवाळणीचं ताट खाली ठेवलं जातं न जातं, तोच डिकीत चकलीचे डबे आणि कळण्याच्या पिठाची पिशवी भरायला सुरुवात होते.

खानदेशात हे इतकं जुनं नाही. लेकीनं माहेरी यायचं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. भाऊबीज होतीच, पण ती ओवाळण्यापुरती. याचं कारण शेतात होतं. दिवाळीला कापूस फुटलेला असतो. वेचणी तोंडावर आलेली, मजुरांची ओढाताण, आणि शाळेला सुट्टी म्हणजे घरच्या पोरांचेही हात मोकळे. अशा वेळी पाहुणी आली तरी तिच्याशी बोलायला बसणार कोण? याउलट वैशाखात रान उघडं पडलेलं, रब्बी घरात आलेली, पेरणीला अजून अवकाश. सालदाराचं सालही आखाजीलाच संपायचं आणि नवं त्याच दिवशी ठरायचं. मालक आणि गडी दोघांनाही एकाच वेळी उसंत देणारा दिवस वर्षात तेवढाच. म्हणून लिंबाला झोके बांधले जायचे, गौराईची गाणी चालायची आणि ओट्यावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव पडायचे. (पैसे लावून खेळायलाही या दिवशी गाव हरकत घेत नसे. पोलीस घेतात.)

तरी लेक आपली आपण येत नसे. मुऱ्हाळी जायचा, भाऊ नाहीतर चुलता. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्यात जन्मल्या आणि जळगावात नांदल्या. दोन्ही गावं लागून. पण माहेर जवळ असलं म्हणून सासुरवाशिणीला ते रोजचं होत नव्हतं. त्यांच्या कवितेत ‘आखजी’ला स्वतंत्र जागा आहे.

आखाजीच्या खापरावरच्या मांड्यांकडे नुसतं पाककृती म्हणून पाहू नये. एकटीनं ते होतच नाहीत. एक जण पुरण वाटते. दुसरी सैलसर कणकेत पुरण भरून ती पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते. तिसरी चुलीत काड्या सारत बसते, कारण जाळ कमी पडला तर पोळी कच्ची आणि जास्त झाला तर करपलेली. शेजारी आमरस, रशी, कुरडया. पितरांच्या नावानं भरलेल्या घागरीवर डांगर नाहीतर आंबा, आणि चुलीत आगारी, म्हणजे पितरांचा घास, टाकल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. त्या घागरीमुळे गेलेली माणसंही पंगतीला असायची.

मग माणसं सुरतेला गेली. तापी काठानं जाणाऱ्या रेल्वेनं अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा थेट उधन्याशी जोडलेलं होतं, आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत आज अहिराणी सर्रास कानावर पडते. पण लूम बंद राहतात दिवाळीला. पुण्यातली कंपनी लक्ष्मीपूजनाला सुट्टी देते, तिच्या कॅलेंडरात आखाजी नसते. भेटीचा दिवस शेत ठरवत होतं, तो कारखाना ठरवू लागला. चीनमध्ये उलट घडलं: तिथले कारखाने गावाच्या जुन्या चांद्र नववर्षालाच बंद होतात आणि ४० दिवस रेल्वेगाड्या माणसं वाहत राहतात. आपल्याकडे गावानं कारखान्याची तारीख घेतली.

त्यामुळे गंमत अशी की दिवाळीला येणारा रिकामा असतो आणि ज्याच्याकडे यायचं तो कामात. शिंदखेड्याकडच्या गावात पुण्याचा भाऊ दहा वाजता उठून चहा मागतो, तेव्हा वहिनी कमरेला ओटी बांधून वावरात पोचलेली असते. कुणाचंच चुकत नाही, पण दोघंही मनात कुढतात.

मुऱ्हाळी तर गेलाच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शिरपूरची बहीण सकाळी निघून संध्याकाळी परत जाऊ शकते. सुरतेच्या बहिणीला ही सवलत हद्दीपुरतीच, नवापूरपासून इकडे. प्रवास सोपा झाला हे चांगलंच, मुऱ्हाळ्याची वाट पाहत झुरण्यात काही थोरवी नव्हती. पण न्यायला कुणीतरी येतं यात एक मागणी होती. फोनवरच्या ‘ये ना कधी’मध्ये ती नाही, आणि बहिणींना हा फरक बरोबर कळतो.

देवपुरात काही घरांनी मात्र आखाजी सोडलेली नाही. वैशाखात शाळांच्या सुट्ट्या लागत आलेल्या असतात, तेवढा आधार. सिमेंटच्या गच्चीवर विटांची चूल मांडतात, खापर गावाहून आणतात. जिन्यात चप्पल वाजली की वरून कुणी म्हातारी विचारते, “कव्हय उनी वो?” येणारी पिशवी ठेवते, हात धुते आणि चुलीपाशी बसते. जाळ सारायला कुणीतरी हवंच असतं.