पिधान : झाकलेले आणि नसलेले

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुचरित्राच्या सप्ताहात दरवर्षी एक प्रश्न मनात येतो. श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरी कृष्णेत गुप्त झाले. श्रीनृसिंहसरस्वती गाणगापुरी निर्गुण पादुका ठेवून कर्दळीवनाकडे निघाले. संप्रदाय त्यांना 'गेले' म्हणत नाही, 'गुप्त झाले' म्हणतो. हा नुसता आदराचा शब्द, की त्यात काही तथ्य आहे?

मला उत्तर सुचलं ते भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला. मार्गशीर्ष शुद्ध नवमी होती, थंडी कडाक्याची. दुर्बिणीतून चंद्र पाहत होतो. त्याच्या काळोख्या कडेशी एक तारा आला आणि टपकन नाहीसा झाला. मंद होत गेला नाही. चंद्राला म्हणावं असं वातावरण नाही, त्यामुळे हळूहळू विझणं नाहीच. पुढे चंद्र सरकला, तसा तारा पलीकडून पुन्हा दिसू लागला.

खगोलशास्त्रात याला 'पिधान' म्हणतात. मूळ शब्द अपिधान, म्हणजे झाकण. जेवण झाल्यावर आपण आपोशन घेतो, तेव्हा त्या पाण्याला अमृताचं अपिधान म्हणतो. ईशावास्यात सत्याचं मुख सोन्याच्या पात्राने झाकल्याचं सांगितलंय, तिथेही शब्द 'अपिहित' हाच. आता घरातली बाई भांड्यावर झाकण ठेवते ते भांडं रिकामं म्हणून का? आत काही आहे म्हणूनच ना!

आणखी एक गंमत पाहा. रोहिणीचा तारा व्यासाने सूर्याच्या चाळीसपटीहून मोठा. चंद्राचा व्यास जेमतेम ३,४७४ किलोमीटर. तरी चंद्र रोहिणीला झाकतो, कारण तो आपल्या जवळ आहे. त्याच वेळी दूरच्या देशात उभ्या असलेल्याला रोहिणी चंद्राशेजारी स्वच्छ दिसत असते. म्हणजे पिधान ताऱ्याला होत नाही, आपल्या नजरेला होतं.

हे मला तिथे दुसऱ्या दिवशी चांगलंच कळलं. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं. ती हकिकत डोक्यात ठेवून मी एका वयस्क माडिया गृहस्थांना म्हणालो, "बाबा, त्याआधी हा मुलूख कुणाला ठाऊकच नव्हता." ते शांतपणे म्हणाले, "आम्ही तर इथंच होतो."

मी वरमलो. माणसं होती, त्यांची दुखणी होती, भूक होती. मधे आला होता तो आमचा शहरी संसार. लहानसा, पण डोळ्यांच्या अगदी जवळ.

१० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला. त्या ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतर अनेकदा कमी-जास्त झाला, त्यावरून युरेनसभोवतीची कडी सापडली. झाकलेल्या ताऱ्याने झाकणाऱ्याचं रूप उघड केलं! साधकाला यात मोठा धडा आहे. महाराज दिसेनात, पारायणात मन लागेना, तेव्हा 'महाराज कुठे गेले?' असं विचारू नये. मधे काय आलं, ते पाहावं. कधी राग असतो, कधी मानाची हाव, कधी दाराशी आलेल्याला 'नंतर या' म्हणण्याची सवय.

चंद्र आपणहून सरकतो. आपल्या मधलं झाकण मात्र आपल्यालाच उचलावं लागतं, नाहीतर उठून जागा बदलावी लागते.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!