न घडलेले वादळ आणि न नोंदलेली वादळे

6 जून 1882 रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि त्यात एक लाख माणसे मेली, असे मोठ्या आपत्तींच्या अनेक याद्या सांगत आल्या आहेत. 1881 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती. म्हणजे दर आठांतला एक माणूस एका दिवसात गेला असता. एवढा संहार दडून राहील असे ते शहर नव्हते. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून नियमित वेध घेतले जात होते, ‘केसरी’ निघून दीड वर्ष झाले होते, इंग्रजी आणि गुजराती वृत्तपत्रे तर त्याहून जुनी. कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईला असलेल्या वादळाच्या धोक्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या घटनेचाही माग काढला गेला आणि ती घडलीच नव्हती या निष्कर्षाला ते आले. एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेल्याने तिला खरेपणा चिकटला होता.

ही चूक निदान पकडता आली, कारण किनाऱ्यावर साक्षीदार होते. भर समुद्रात उठून तिथेच विरलेल्या वादळांना तेही नव्हते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. पहिला हवामान उपग्रह 1960 मध्ये सुटला. त्याआधीच्या वादळांची कोणतीही यादी ही पाहणाऱ्यांची यादी म्हणून आधी वाचली पाहिजे. अरबी समुद्रात पाहणारे कोण होते? गलबते आणि पडाव पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्याला ओढले जात ते नारळी पौर्णिमेपर्यंत. मे-जून हाच या समुद्रातल्या वादळांचा एक हंगाम, आणि नेमके तेव्हाच किनाऱ्यालगतचे डोळे मिटायला लागत. आगबोटी चालू असत. पण 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर त्यांची गर्दी एडन-मुंबई वाटेवर वाढली. त्या वाटेपासून दूर झालेले वादळ कागदावर येण्याचे कारणच नव्हते.

जे जहाज वादळाजवळ पोहोचले, त्याचेही पाहा. नोव्हेंबर 1888 मध्ये ‘वैतरणा’ ही आगबोट मांडवीहून मुंबईला निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. मांगरोळच्या आसपास ती किनाऱ्यावरून दिसली आणि मग दिसली नाही. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. वादळाचा सर्वांत जवळून अनुभव घेणारी नोंदवही तिच्याबरोबरच बुडाली. जी जहाजे परतली, ती बहुधा केंद्र टाळूनच परतली होती. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1848 च्या आपल्या पुस्तकात कप्तानांना हेच शिकवले होते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की केंद्र साधारण उजव्या हाताला असते; ते ओळखून त्यापासून दूर सरकायचे. या ज्ञानाने असंख्य जीव वाचवले. पण कप्तान जितका जाणता, तितके त्याच्या वहीत केंद्राचे मोजमाप कमी. जुन्या नोंदींत सौम्य दिसणारे वादळ खरोखर सौम्य होते की फक्त कडेवरून पाहिलेले, हे म्हणून ठरवता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नोंदी इतक्या फाटक्या असतील, तर वादळे वाढली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? 1891 पासूनची सलग मोजणी मांडून वाढ दाखवणे खरोखरच धोक्याचे आहे, आणि हवामान बदलाची काळजी असणाऱ्यांनी तर ते आवर्जून टाळावे, कारण तो आधार एका धक्क्यात निसटतो. अटलांटिकबाबत हा वाद आधीच झाला आहे. तिथे 1914 च्या संपूर्ण हंगामात एकाच वादळाची नोंद आहे, आणि जहाजांच्या वाटा पाहता तो आकडा जसाच्या तसा कोणी घेत नाही. पण यावरून काहीच बदलले नाही असे ठरवणेही तितकेच घाईचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 1982 नंतरचा, म्हणजे उपग्रहांच्या नजरेखालचा काळ तपासला. 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. ही वाढ कप्तानांच्या वह्यांवर उभी नाही. चार दशकांचा काळ छोटा आहे, सुरुवातीच्या उपग्रहांची नजर आजच्याइतकी तीक्ष्ण नव्हती, हे मान्य. तरीही हा पुरावा जुन्या यादीच्या दोषांमुळे बाद होत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो, कारण तो नियोजनाच्या बैठकीत शहाणपणासारखा ऐकू येतो: 1882 खोटे निघाले, म्हणजे मुंबईला फारसा धोका नाही. ज्या अभ्यासाने ते वादळ खोडले, त्यानेच मुंबईवर तीव्र वादळ येणे शक्य आहे असे म्हटले आहे. नोव्हेंबर 1948 चे वादळ शहराने झेललेच होते, आणि 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात उतरले ते मुंबईपासून थोड्याच अंतरावर. दीडशे वर्षांच्या अपुऱ्या वहीत एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून भराव आणि किनारी रस्त्यांची उंची ठरवता येणार नाही. प्रत्येक जुन्या वादळापुढे ते कोणी, कुठून आणि कशाने मोजले, तसेच ती नोंद कितपत भरवशाची, हे छापले गेले पाहिजे. अटलांटिकमध्ये जुन्या नोंदी अशा पुन्हा तपासल्या जातात. 1992 च्या ‘अँड्र्यू’ची तीव्रता तर दहा वर्षांनी वाढवून पाचव्या श्रेणीत नेली गेली. अरबी समुद्रासाठी हे काम कुलाब्याच्या दाबाच्या नोंदींपासून सुरू करता येईल.