असता तर दिसला असता

बोनेट उघडले आहे, इंजिन सुरू आहे आणि रेडिएटरमागचा पंखा स्तब्ध आहे. एवढ्यावरून पंखा बिघडला असे म्हणता येईल का? बहुतेक जण तसे म्हणून मोकळे होतात आणि पुष्कळदा चुकतात. मोटारीतला विजेवर चालणारा पंखा सतत फिरत राहावा म्हणून बसवलेलाच नसतो. कूलंट साधारण 95 ते 105 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो सुरू होतो, तापमान उतरले की थांबतो. गाडी नुकतीच सुरू केलेली असताना तो थांबलेला असणे हे त्याच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. भर दुपारी सिग्नलच्या रांगेत काटा लाल रेषेकडे सरकत असताना तसाच थांबलेला असणे हा बिघाड आहे. डोळ्यांना दोन्ही वेळा एकच दृश्य दिसते. फरक पडतो तो ‘या वेळी तो फिरायला हवा होता’ या आपल्या ज्ञानामुळे. एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कळते कसे, हा भारतीय तत्त्वचिंतनातला जुना आणि कसदार प्रश्न आहे. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पाहण्याने आपोआप मिळत नाही, तो कमवावा लागतो, असे माझे म्हणणे आहे. आणि तो कसा कमवायचा हे या पंख्याइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

जमिनीवर घडा नाही, हे आपण कशाच्या बळावर जाणतो? सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र सहावे प्रमाण मानले. नैयायिकांना ते मान्य नव्हते. अभाव प्रत्यक्षानेच कळतो, न आढळणे त्या प्रत्यक्षाला केवळ साहाय्य करते, असे त्यांचे मत. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी अनुपलब्धीला अनुमानातल्या हेतूचा एक प्रकार ठरवले. वाद मोठा आहे, पण एका अटीपाशी तिन्ही पक्ष एकत्र येतात: नुसते न दिसणे पुरेसे नाही. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचे न दिसणेच तिचा अभाव सिद्ध करते. योग्यानुपलब्धी म्हणतात ती हीच. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये आडोसा नको. ग्रंथात वाचताना हा शब्दांचा कीस वाटतो, पण गाडी तापते तेव्हा या अटीचे मोल रोख कळते.

पंखा न फिरण्याची कारणे दोन वाटांवर शोधावी लागतात. बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर आणि बॉडीला जोडलेले अर्थिंग ही विजेची वाट. कूलंटचा सेन्सर आणि कंट्रोल युनिट ही हुकमाची वाट. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की इंजिन फार तापलेले नसतानाही पंखा फिरतो. तसा तो फिरला, पण इंजिन तापल्यावर फिरला नाही, तर मोटर आणि तिची वायरिंग बहुधा निर्दोष असते. हुकूमच सुटत नसतो. मग संशय सेन्सरवर येतो. पण कूलंट गळून पातळी उतरली असेल तर सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन उकळत असतानाही त्याला खरी उष्णता पोहोचत नाही. अशा वेळी सेन्सर बदलणे म्हणजे ज्याला काही दिसतच नव्हते त्या साक्षीदाराला खोटारडा ठरवणे. याच्या उलट बाजूही बोलकी आहे. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर गार ठेवतो, काटा मध्यावर राहतो आणि पंखा ठीक आहे असा समज होतो. पण तिथे बिघाड उघड होण्याची सोयच नव्हती. बोरघाटात वाहनांची रांग थांबते, वारा पडतो आणि मग आठवड्यापूर्वीच बंद पडलेला पंखा ‘आज’ बिघडतो. दोष न दिसणे आणि दोष नसणे यांत किती अंतर आहे, ते त्या रांगेत समजते.

हे अंतर गाडी बांधणाऱ्यांनी ओळखले आहे. सेन्सरची वायर तुटली आणि कंट्रोल युनिटपर्यंत कोणतीच बातमी आली नाही, तर पुष्कळ गाड्यांतले युनिट इंजिन गार आहे असे धरत नाही. खबरदारी म्हणून पंखा चालूच ठेवते. उष्णतेची बातमी न येणे ही थंडपणाची बातमी नव्हे, हा विवेक त्या यंत्रात मुद्दाम घातलेला आहे. चांगला मेकॅनिकही तोच विवेक पाळतो. मोटरच्या सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प लावण्याआधी तो लॅम्प थेट बॅटरीला लावून पेटतो का ते पाहतो. लॅम्पचाच बल्ब गेलेला असेल तर त्याच्या न पेटण्याला काहीच अर्थ उरत नाही. ज्याच्या साक्षीवर ‘करंट नाही’ असे ठरवायचे, त्या साक्षीदाराची योग्यता आधी तपासायची, ही योग्यानुपलब्धीच आहे. ‘आहे’ म्हणतानाही हीच सावधगिरी लागते. गंजलेल्या, एकाच तारेवर टिकून असलेल्या वायरमधून मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवू शकतो, पण पंख्याचा भार पडताच तो दाब कोसळतो. म्हणून भार देऊन तपासावे लागते.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा: रस्त्यात गाडी पेटायला आली असताना तर्कशास्त्र कशाला? पण कृती आणि निर्णय या वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी बाजूला घेणे, इंजिन बंद करणे, गरम रेडिएटरचे झाकण न उघडणे, यासाठी दोष कुठे आहे हे कळण्याची गरजच नसते. घाई सावध कृतीला शोभते, दोषारोपाला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एकेक पार्ट बदलत गेले तरी शेवटी गाडी दुरुस्त होतेच की. होते, पण ज्ञान होत नाही. नवी मोटर बसवताना सैल झालेले सॉकेट घट्ट बसते आणि श्रेय मोटरला मिळते. नैयायिक अशा कारणाला अन्यथासिद्ध म्हणतील: ते कार्याच्या आधी हजर होते खरे, पण त्याच्यावाचूनही कार्य झाले असते. चुकीच्या कारणाला दिलेले श्रेय पुढच्या वेळी पुन्हा फसवते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. यंत्राची रचना माणसाने केली, म्हणून पंखा केव्हा फिरायला हवा हे आपल्याला ठाऊक असते; ईश्वर, आत्मा, परलोक यांच्याबाबत हा नियम काय कामाचा? नेमके इथेच नियमाचे बळ कळते. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असे चार्वाकांच्या नावावर मांडले जाते. दहाव्या शतकातले उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’मध्ये त्याला उत्तर देतात, की जे मुळात इंद्रियांना दिसण्याजोगे नाही त्याचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही, नाहीतर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाला बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे मानावे लागेल. उत्तर बिनतोड आहे, पण ते दुधारी आहे. त्याने नास्तिकाचा पुरावा निकामी होतो, आस्तिकाचा उभा राहत नाही. ज्या पंख्याने केव्हा फिरावे हे कोणीच सांगू शकत नाही, तो बिघडला असे ठरवता येत नाही, तसाच तो ठीक आहे असेही ठरवता येत नाही. म्हणून नवस फळला की देवाची कृपा आणि न फळला की देवाची परीक्षा, असे म्हणणारा भक्त आपले विधान सर्व परीक्षेच्या पलीकडे नेऊन ठेवतो. त्याची श्रद्धा त्याला आधार देत असेल, आणि तो आधार खरा असेल, पण तिला पुरावा म्हणता येणार नाही. आणि प्रयोगशाळेत आत्मा सापडला नाही म्हणून हसणाऱ्यानेही आधी सांगावे, की असता तर तो तिथे कोणत्या रूपात सापडला असता.

म्हणजे जबाबदारी दोघांवर आहे. ‘आहे’ म्हणणाऱ्याने ते कोणत्या परिस्थितीत दिसायला हवे हे आधी सांगावे. ‘नाही’ म्हणणाऱ्याने ती परिस्थिती खरोखर होती आणि आपला दिवा पेटत होता हे तपासावे. दोन्ही होईपर्यंत ‘अजून ठरलेले नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे. गिऱ्हाईक घाईत असताना, नवी मोटर विकून चार पैसे मिळवता येत असताना, ‘थांबा, इंजिन पुरते तापू द्या, मग सांगतो’ असे म्हणणारा मेकॅनिक वेळ काढत नसतो. कुमारिल आणि धर्मकीर्ती ज्या एका अटीवर एकमत होते, ती अट तो पाळत असतो.