नाण्याचा पत्ता

जुन्या नाण्याची किंमत सोनार तोलून सांगतो, व्यापारी वर्ष पाहून सांगतो. ते कुठल्या घरातून निघालं, हे दोघंही विचारत नाहीत. संग्राहकानं पहिल्यांदा तेच विचारावं.

*

केम हे करमाळा तालुक्यातलं उत्तरेश्वराचं गाव, आणि कुंकवाचं. इथं हळदीवर लाल रंग चढतो आणि तो देवस्थानांच्या वाटेवरच्या दुकानांतून घरोघरी जातो. अशा गावातल्या देव्हाऱ्यातून राणीछाप रुपया हातात आला, की त्याच्या अक्षरांच्या खाचांत आणि राणीच्या मुकुटाखाली कुंकू घट्ट बसलेलं दिसतं. नाण्यांच्या पुस्तकाच्या हिशेबी हा मळ. मला तो नाण्यावरचा दुसरा छाप वाटतो. पहिला टांकसाळीनं एका दणक्यात मारला. दुसरा घरातल्या बायकांनी बोटाच्या टोकानं उमटवला, सासूनंतर सुनेनं, सुनेनंतर तिच्या सुनेनं. पहिल्या छापानं चांदीचं चलन झालं, दुसऱ्यानं चलनाची लक्ष्मी झाली.

ते कुंकू खरवडणारा माणूस नाण्याचं निम्मं आयुष्य फेकून देतो.

*

हौस लागली की पहिला मोह घासण्याचा. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पूड. तांब्यावरचा तपकिरी थर जमायला कित्येक वर्षं लागतात आणि चिंचेच्या कोळात तो बघता बघता उतरतो. घासून लखलखीत केलेलं जुनं नाणं म्हणजे पुसलेली पाटी. तिच्यावर काय लिहिलं होतं, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

राखणं म्हणजे बहुतेक वेळा हात आवरणं.

*

व्हिक्टोरियाचा रुपया टांकसाळीतून निघायचा तेव्हा बरोबर एक तोळा भरायचा, ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणून तो नुसता पैसा नव्हता, वजनही होता. सोनाराच्या तागडीत तोच टाकला जायचा. तोच रुपया आज तोलला तर थोडा कमी भरतो. कमी भरलेली चांदी बाजारात, कनवटीला, सावकाराच्या थैलीत घासून गेली. व्यापारी या झिजेचे पैसे कापतो. त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही. पण न झिजलेला रुपया एवढंच सांगतो, की तो कुणाच्या फारसा उपयोगी पडला नाही.

१९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली ती पूर्ण गेली आणि निकेल आलं. एडवर्डचा एक, १९४० नंतरचा एक आणि १९४७ चा एक, असे तीन रुपये एका ओळीत मांडावेत आणि एकेक करून फरशीवर टाकावेत. महायुद्धाचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, ते कानाला कळतं.

*

करमाळा तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. सीनेपलीकडं परंडा, आणि परंड्याला निजामाचं राज्य. अलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया, पलीकडं हैदराबादचा हाली. साधारण सहा कलदारांना सात हाली, हा हिशेब सीमेवरच्या सराफाला तोंडपाठ ठेवावा लागे. चारमिनारचं चित्र असलेला रुपया या बाजूच्या एखाद्या जुन्या डब्यात निघतो, तेव्हा कुणीतरी नदी ओलांडलेली असते. बैल विकले असतील, माल नेला असेल, लेक दिली असेल. संस्थान विलीन झालं, हाली बंद पडला, सीनेच्या दोन्ही तीरांना एकच पैसा चालू लागला. त्या सीमेचा दगडही आता दाखवता येत नाही. डब्यातला चारमिनार ती दाखवतो, पण डबा कुणाचा आणि कुठला हे माहीत असेल तरच. तोच रुपया पुण्यामुंबईच्या प्रदर्शनात टेबलावरच्या ढिगातून उचलला, तर तो फक्त हैदराबादचा रुपया असतो. नदी त्यातून वजा झालेली असते.

पत्ता हरवलेलं नाणं खोटं ठरत नाही. ते मुकं होतं.

*

रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. केम त्याच रुळांवर आहे. मुंबईची गाडी इथून हैदराबादकडं जाते, हैदराबादची मुंबईकडं. दोन्ही टोकांना टांकसाळी आहेत. आजच्या साध्या नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक चौकटीसारखी खूण असली तर ते मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं. नाण्यांचा छंद सुरू करायला पैसे लागत नाहीत. किराणा दुकानातून आलेली सुट्टी चिल्लर ओट्यावर पसरावी आणि मुलांना चौकट आणि चांदणी वेगळी करायला सांगावी. दोन टांकसाळींच्या मधल्या गावात हा खेळ विशेष रंगतो.

*

शिवराई एकट्यानं वाचता येत नाही. तिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. पण छाप मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून कुठं ‘श्री’ निसटते, कुठं ‘राजा’ अर्धा राहतो, कुठं ‘पति’ची फक्त वेलांटी दिसते. चार-पाच शिवराया शेजारी ठेवल्या, की एकीचं अक्षर दुसरी भरून काढते आणि नाव पुरं होतं. कुठं ‘शिव’ आहे, कुठं ‘सिव’, कुठं ‘सीव’. अभ्यासक या भेदांवरून त्यांचे प्रकार पाडतात. मला त्यात छाप कोरणाऱ्या माणसांचा आवाज येतो. त्यांच्या गावाकडं ते नाव जसं उच्चारलं जायचं, तसं त्यांनी लोखंडावर उतरवलं असेल.

राज्याभिषेकाच्या काळात सुरू झालेला हा पैसा पेशवाईत चालला, पेशवाई बुडाल्यावरही चालत राहिला. राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी बाजारात भाजी त्याच्या नावानं मिळत होती. अशा लाखो शिवराया पुढं तांबट आळ्यांत वितळल्या आणि त्यांचे हंडे झाले. उरलेल्यांतली साधी शिवराई अजूनही फार महाग नाही. ती विकत घेणं सोपं आहे. ती कुठल्या शेतातून, कुठल्या पडक्या वाड्याच्या पायातून आली, हे मिळवणं अवघड आहे, आणि संग्रहाची मेहनत तिथं लागते.

*

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथं एक साठा सापडला. क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी, तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाचा पराभव झाला आणि त्याचा प्रदेश सातवाहनांकडं आला, ही गोष्ट त्या साठ्यानं हाताशी दिली. जेत्यानं हरलेल्याची नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावर डोंगर आणि उज्जैनी चिन्ह उमटवलं आणि ती तशीच चालवली. नीट पाहिलं तर खाली नहपानाचं नाक दिसतं, वर गौतमीपुत्राचा डोंगर.

आता हीच नऊ हजार नाणी नऊ हजार हातांत गेली असती तर? प्रत्येकाकडं एक विचित्र, बिघडलेलं नाणं असतं. एका नाण्यात इतिहास मावत नाही; तो नाण्यांच्या शेजारात असतो. एका गाडग्यात कोण कुणाजवळ होतं, ही माहिती गाडगं फुटलं त्या दिवशी लिहिली नाही तर नंतर लिहिता येत नाही.

*

म्हणून बार्शीच्या पुढं असलेल्या तेर या गावाबद्दल मला मनापासून आदर आहे. गोरोबाकाकांचं तेर, त्याच्याही आधीचं तगर, ज्याचं नाव ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात आलं आहे. त्या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीतून वर येणाऱ्या वस्तू जमवल्या. मणी, मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरमध्येच उभं आहे. या संग्रहाचं मोल त्याच्या मोठेपणात आहेच. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट ही, की तो एका गावचा आहे आणि त्या गावातच राहिला. तिथली नाणी जिथं चालली तिथून कोसभरही हलली नाहीत. वस्तू पाहून बाहेर यावं आणि तीच माती पायाखाली असावी, असं भाग्य लंडनच्या दालनांनाही नाही.

सगळं जग जमवू पाहणारा संग्राहक मला कळतो. एक गाव जमवणारा मला जास्त आवडतो.

*

गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेला रुपया संग्राहक नाकारतात. नाणं बिघडलं, म्हणतात. पण ती कडी सांगते, की या रुपयाला बँक नव्हती, एक बाई होती. दुष्काळात तिनं तो मोडला नाही, किंवा मोडायची वेळ येण्याआधी पाऊस आला. आपल्या पुतळीमाळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं: संत मार्कपुढं गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्या बायकांनी त्या दोघांना गळ्यात घेतलं, आणि पुढं आपल्या सोनारांनी त्याच घाटाच्या पुतळ्या घडवल्या. परदेशी पैशाचं इतकं प्रेमानं स्वागत क्वचितच झालं असेल.

*

३० जून २०११ रोजी पावली चलनातून गेली. त्या दिवसापासून सव्वा रुपया नाण्यांत मोजता येत नाही. तरी संकल्प सव्वा रुपयाचा सुटतो, नवस सव्वा रुपयाचा बोलला जातो. ज्या घरात जुनी पावली राखून ठेवली आहे, त्या घरात तो अजून पुरा होतो. बाजारानं टाकलेलं नाणं देवानं ठेवून घेतलं आहे.

*

हौशीला दोन शत्रू आहेत, आणि दोन्ही लोभाचेच. एक, मोबाइलवर येणारी जाहिरात: अमुक नाणं द्या, लाखो रुपये घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट सांगितलं, की जुन्या नाण्यानोटांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि कुणी तिच्या नावानं शुल्क मागत असेल तर ती फसवणूक आहे. तरी माणसं आधी पैसे भरतात आणि मग वाट बघत बसतात. दुसरा शत्रू गुप्तधन. मांत्रिक येतो, अमावास्या ठरते, जुन्या वाड्याची जमीन उकरली जाते. हंडा निघत नाही. जमिनीतले थर मात्र कायमचे मोडतात. खरंच काही सापडलं तर १८७८ चा कायदा आजही सांगतो, की दहा रुपयांहून जास्त मोलाची ठेव सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला कळवावी. लोक भीतीनं कळवत नाहीत. रातोरात वितळवतात. एका रात्रीत हजार वर्षं मुशीत जातात, आणि हातात येते फक्त त्या दिवसाच्या भावाची चांदी.

*

करमाळ्याकडची हवा कोरडी. पिकांना जाचणारी ही हवा नाण्यांना मानवते. तरी पावसाळ्यात ॲल्युमिनियमच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं तांबं हिरवं, चिकट होतं. कागदाची साधी पाकिटं, एकेका नाण्याला एकेक. रबरबँड नको, त्यानं चांदी काळी पडते. नाणं धरायचं ते कडेनं. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे, पाकळ्यांचे दहा पैसे, यांच्या कडा तर अंधारातही बोटांना कळाव्यात अशा आहेत.

*

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे संपून शंभर नवे पैसे सुरू झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असा तक्ता निघाला. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीसच पैसे जायचे, एकदम घेतली तर पंचवीस. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलं आज ऐंशीच्या घरात आहेत. केमच्या बाजारात हा हिशेब त्यांनी कसा निभावला, भोकाचा पैसा कुठवर चालला, कुंकवाच्या कामाची मजुरी कुठल्या नाण्यांत हातावर पडायची, परंड्याकडच्या पाहुण्यानं खाऊला दिलेला हाली पैसा दुकानदारानं घेतला की परत केला, हे त्यांना विचारायचं राहिलं आहे. आजोबांच्या, आजीच्या हातात नाणं द्यावं आणि विचारावं. सांगतील ते नाण्याच्या पाकिटावरच लिहावं: गाव, घर, कुणाकडून आलं, कशाबरोबर ठेवलेलं होतं. नाणं आत घालण्याआधी लिहावं, आणि पेन्सिलीनं. शाई ओलीनं पसरते.