एकदाच झालेले दर्शन



श्रीमद्भागवताच्या १२ स्कंधांच्या मुळाशी एका ५ वर्षांच्या बालकाची आठवण आहे. महाभारत रचूनही महर्षी व्यासांच्या चित्तास समाधान लाभेना. सरस्वतीतीरी ते खिन्न बसले असता देवर्षी नारद तेथे आले. श्रीहरीचे गुणगान करा, असा उपदेश करून त्यांनी व्यासांना स्वतःच्या पूर्वजन्मीचे बालपण सांगितले. पहिल्या स्कंधाच्या ५व्या व ६व्या अध्यायांत ही कथा आली आहे.

त्या जन्मी नारद एका दासीचे पुत्र होते. पावसाळ्यात काही साधुपुरुष एके ठिकाणी वस्तीस राहिले आणि त्यांच्या सेवेस या मुलाला ठेवण्यात आले. सेवा करता करता त्याच्या कानी हरिकथा पडू लागली. चातुर्मास संपला, साधू निघून गेले. पुढे एके रात्री गाईची धार काढावयास गेलेल्या मातेस सर्पदंश झाला आणि ती निवर्तली. जगात त्या बालकाचे दुसरे कोणीही नव्हते.

तो एकटाच उत्तरेकडे निघाला. घोर अरण्यात नदीवर स्नान करून, पाणी पिऊन, तो एका पिंपळाखाली बसला आणि साधूंकडून ऐकले होते तसे ध्यान करू लागला. नेत्रांतून अश्रू वाहू लागले आणि हळूहळू हृदयात श्रीहरी प्रकटले. क्षणभरच! लगेच ते रूप दिसेनासे झाले. बालकाने पुन्हापुन्हा प्रयत्न केला, पण व्यर्थ. तेव्हा अदृश्य वाणी झाली की, या जन्मी तुला माझे दर्शन पुन्हा होणार नाही. ओढ वाढावी म्हणूनच हे रूप एकदा दाखविले.

कोणाच्याही मनात येईल, पोरक्या लेकराला क्षणभर दाखवून पुन्हा हिरावून घेणे ही कसली कृपा? याचे उत्तर त्याच वाणीत आहे. माझ्या ठायी जडलेली तुझी बुद्धी कधी ढळणार नाही आणि सृष्टीचा प्रलय झाला तरी माझ्या अनुग्रहाने तुझी स्मृती टिकून राहील, असे वरदान भगवंतांनी दिले. दर्शन क्षणाचे, स्मरण मात्र कल्पांतापर्यंतचे! त्या आधारावर तो बालक निर्मत्सर व संतुष्ट मनाने नाम गात पृथ्वीवर हिंडला. तोच पुढे देवर्षी झाला. आजही आपले कीर्तनकार ज्या जागी उभे राहतात तिला नारदाची गादी म्हणतात.

यात्रेकरू बंधू-भगिनींनो, तासन् तास रांगेत तिष्ठल्यावर गाभाऱ्यासमोर आपल्याला क्षणभरच उभे राहता येते. मन भरत नाही. ती अतृप्ती घेऊन परतताना खेद करू नये. तीच ओढ आपल्याला लाभलेला प्रसाद आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात लहानपणीची अशी एखादी आठवण असेल. कापराचा सुवास, समईचा मंद प्रकाश, आजीचा घट्ट धरलेला हात. ते कोणते देऊळ, कोणते वर्ष, काही सांगता येत नाही. परंतु संकटाच्या रात्री तेच दृश्य मनात उभे राहते आणि जीव शांत होतो. त्या आठवणीची चिकित्सा करू नये, तिला वंदन करावे. तसेच कडेवरच्या लेकराला दर्शनास आणताना, ‘याला काय कळते?’ असे म्हणू नये. त्या दासीपुत्राला तरी किती कळत होते?

अन्नदान करणाऱ्या, यात्रेकरूंच्या निवासाची सोय करणाऱ्या दात्यांनीही हे ध्यानी घ्यावे. साधूंना चार महिने राहण्यास जागा मिळाली, म्हणून एका बालकाला हरिकथा लाभली. आपल्या दानाच्या छायेत आज कोणत्या लेकराच्या मनात कोणती ज्योत लागेल, हे एक भगवंतच जाणे.

आपणा सर्वांस त्या स्मरणाचा आधार अखंड लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥