भागीदार पारखताना

नवा उद्योग काढू पाहणारे तरुण भेटले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘कल्पना पक्की आहे, फक्त एक टेक्निकल को-फाउंडर मिळवून द्या.’ त्या ‘फक्त’ची मला दरवेळी काळजी वाटते. मला कोडिंग येत नाही म्हणून कोडिंग येणारा हवा, मला विक्री जमत नाही म्हणून बोलका हवा, असा तो हिशेब असतो. पण ही उणीव पगार देऊनही भरून काढता येते. कंपनीचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा ज्याच्या नावावर करायचा, त्याच्याबद्दल विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आमचं पटेनासं होईल तेव्हा हा माणूस कसा वागेल?

पटेनासं होणार, हे धरूनच चालायला हवं. पैसा संपत आला, मोठं गिऱ्हाईक गेलं, एकाला वाढायची घाई आणि दुसऱ्याला टिकायची चिंता, अशी वेळ कुठल्या धंद्यावर येत नाही?

आपल्याकडचं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सॉफ्टवेअरमधलं नाही, सिनेमातलं आहे. 1929 साली कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र राबलेले. पाचवे सीताराम कुलकर्णी, त्यांनी भांडवलाची बाजू उचलली. कामाची वाटणी आजच्या कुठल्याही गुंतवणूकदाराला आवडेल अशी होती. शांताराम दिग्दर्शनात, धायबर कॅमेऱ्यामागे, फत्तेलाल कलादिग्दर्शनात, आणि दामले यंत्रांमध्ये. बोलपट आले तेव्हा ध्वनिमुद्रणही दामल्यांनीच हाती घेतलं. पण ही माणसं एकमेकांना कौशल्यांची यादी वाचून सापडली नव्हती. दुसऱ्याच्या कंपनीत, दुसऱ्याच्या हाताखाली, पडेल ते काम करताना त्यांनी एकमेकांचा राग पाहिला होता, चिकाटी पाहिली होती, उरकून टाकायची सवय कुणाला आहे आणि कुणाला नाही हेही पाहिलं होतं. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’, 1933 मध्ये पुण्याला स्थलांतर, 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव. ही झेप अनोळखी माणसांच्या भागीदारीला झेपली असती असं मला वाटत नाही.

तरीही प्रभात फुटली. आधी धायबर बाहेर पडले आणि 1942 मध्ये शांताराम. त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं आणि तेही नावारूपाला आणलं. म्हणजे जुनी ओळख, सिद्ध झालेली गुणवत्ता, यश, पैसा हे सगळं असूनही भागीदारी तुटू शकते. पण याच पाच जणांतली एक जोडी तुटली नाही. दामले आणि फत्तेलाल हे 1945 मध्ये दामल्यांचं निधन होईपर्यंत बरोबर राहिले. ‘संत तुकाराम’, ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’ या तिन्ही चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं जोडीनंच आहेत. आज आपण त्यातलं एक नाव घेतलं की दुसरं आपोआप तोंडात येतं.

या जोडीचा मी बराच विचार केला आहे. दोघांच्या मनात काय होतं हे आता कोण सांगणार? पण कामाची रचना बाहेरून स्पष्ट दिसते. श्रेय दोघांचं एकत्र होतं आणि अधिकार मात्र आपापला होता. आवाज आणि यंत्रं याची, सेट आणि वेशभूषा त्याची. बहुतेक नव्या कंपन्यांत मी याच्या नेमकं उलटं पाहतो. अधिकार सगळ्यांचा सगळ्यावर आणि श्रेय वर्तमानपत्रात फोटो येईल त्या एकाचं. लोगोच्या रंगावर तिघेही तासभर बोलतात, आणि गिऱ्हाइकाची उधारी वसूल कुणी करायची हे ठरलेलंच नसतं. भांडणं तिथूनच सुरू होतात.

इन्फोसिसची गोष्ट मराठी घरांत मुख्यतः दहा हजार रुपयांसाठी सांगितली जाते, सुधा मूर्तींनी साठवलेल्या. मला त्यात दुसराच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. 1981 मध्ये पुण्यात ही कंपनी काढणारे सातही जण आधी पटनी कॉम्प्युटर्समध्ये बरोबर काम केलेले होते. त्यातले अशोक अरोरा 1989 मध्ये बाहेर पडले. 1990 च्या सुमारास कंपनी दहा लाख डॉलरला विकत घ्यायची तयारी कुणीतरी दाखवली. नऊ वर्षांच्या ओढगस्तीनंतर ही रक्कम मोहात पाडणारी होती आणि काहींचा कल विकण्याकडे होता. नारायण मूर्तींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ज्यांना जायचं असेल त्यांचा हिस्सा मी विकत घेतो. कुणीच गेलं नाही. त्या खोलीत विकण्याची इच्छा उघडपणे बोलता आली आणि बोलणाऱ्याला कुणी गद्दार ठरवलं नाही, याचं मोल मला त्या निर्णयाहून मोठं वाटतं.

आणखी एक गोष्ट आपण संकोचानं विचारत नाही: तुझ्या घरी काय परिस्थिती आहे? ॲपलचे संस्थापक म्हणून जॉब्ज आणि वोझ्नियॅक ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. 1976 च्या पहिल्या करारावर तिसरी सही रोनाल्ड वेन यांची होती आणि त्यांचा हिस्सा दहा टक्के होता. बाराव्या दिवशी ते बाहेर पडले आणि हिस्सा 800 डॉलरला सोडून दिला. लोक त्यांना दुर्दैवी म्हणतात. मला ते समजूतदार वाटतात. भागीदारीत कर्ज बुडालं असतं तर वसुली त्यांच्याकडून झाली असती, कारण तिघांत ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही होतं असे ते एकटेच होते. एकाच्या डोक्यावर घराचा हप्ता आणि आईचं औषधपाणी, दुसऱ्याच्या वडिलांची पेन्शन आणि स्वतःचा फ्लॅट, अशा दोघांची ‘अठरा महिने पगार न घेता काढू’ या वाक्यातली किंमत एकसारखी नसते. हे बोलण्यात कमीपणा नाही. न बोलता हिस्सा मात्र समसमान ठेवण्यात अन्याय आहे.

उद्योजकांचे हल्ली ठिकठिकाणी मेळावे भरतात. तिथे तीन मिनिटं स्वतःची ओळख, मग चहा, मग नंबरांची देवाणघेवाण, असा तो वधूवर मेळाव्यासारखा कार्यक्रम असतो. ओळख व्हायला ते ठीक आहे. पण तिथून थेट कंपनी नोंदवायला जाऊ नका. मधे एखादं लहान, खऱ्या गिऱ्हाइकाचं, पैसे मिळणारं काम दोघांनी मिळून करा. बिल उशिरा येऊ दे, गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा बदल मागू दे, मग बघा माणूस कसा बोलतो. जुना मित्र असेल तर हे अधिकच करा. कॉलेजच्या मित्राबरोबर आपण ट्रेक केलेले असतात, पैशाचा हिशेब केलेला नसतो. आणि योग्य माणूस मिळालाच नाही तर? एकट्यानं सुरू करा. 2013 च्या कंपनी कायद्यानं एका व्यक्तीची कंपनी काढायची सोय केली आहे. चुकीच्या भागीदारापेक्षा एकटेपण परवडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणूस मिळाला, तर मात्र पहिल्याच महिन्यात लिहून काढा. आपल्याकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं अजूनही मानतात. पण तुम्ही नाही लिहिलं तरी कायद्यानं ते आधीच लिहून ठेवलेलं आहे: 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार करारात काही ठरलेलं नसेल तर नफा सगळ्यांत समान वाटला जातो, मग काम कुणी किती का केलेलं असेना. कंपनी असेल तर हिस्सा एकदम नावावर करू नका. चार वर्षांत थोडा थोडा मिळेल आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी गेलं तर काहीच मिळणार नाही, हा वेस्टिंगचा प्रघात जगभर रुळला आहे, तो स्वतःलाही लावून घ्या. कोणत्या विषयात शेवटचा शब्द कुणाचा, कुणाला जायचं झालं तर हिस्सा कोण आणि कोणत्या भावानं घेणार, आजारपणात काय, ही उत्तरं संबंध गोड असतानाच मागा. ती मागितल्यावर समोरचा दुखावून उठून गेला, तर त्याला जाऊ द्या.